गिनी पिगची निगा: दात, पोट आणि भित्रा स्वभाव ओळखून

दुकानातून गिनी पिग घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत तीन सल्ले फुकट येतात. तो काहीही खातो. छोट्या पिंजऱ्यात मजेत राहतो. सशाबरोबर ठेवला तरी चालतो. तिन्ही चुकीचे आहेत आणि नवी पिल्ले अकाली दगावतात ती पुष्कळदा यांतल्याच एखाद्या सल्ल्यापायी. नीट ठेवलेला गिनी पिग ५ ते ८ वर्षे जगतो. त्याचे शरीर कसे चालते हे एकदा कळले की निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून इथे आधी शरीर, मग पिंजरा आणि खाणे असा क्रम ठेवला आहे.

## डोंगरातला गवतखाऊ

गिनी पिग हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, पण उंदराशी त्याचे नाते दूरचे. दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा त्याच्या बराच जवळचा. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या अँडीज पर्वताच्या प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी लोकांनी त्याला मांसासाठी माणसाळवले. तिथे त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही तो घरोघरी पाळला नि खाल्ला जातो. युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला.

त्याचे रानटी भाऊबंद उंचावरच्या गवताळ भागात लहान कळपांनी राहतात. ते झाडावर चढत नाहीत. गवतातून ठरलेल्या वाटा पाडतात आणि धोका दिसताच आडोशाला पळतात. थंड हवा, दिवसभर गवत, सोबतीला कळप आणि डोक्यावर शिकाऱ्याचा धाक, एवढ्यावर हे शरीर घडले आहे. पाळीव झाल्यावर रंग बदलले, केस लांब झाले, पण आतली घडण तीच राहिली.

पूर्ण वाढलेला नर ९०० ते १२०० ग्रॅम आणि मादी ७०० ते ९०० ग्रॅम भरते. लांबी २० ते २५ सेंटीमीटर. पुढच्या पायांना चार, मागच्यांना तीन बोटे, शेपूट नाही. शरीराचे तापमान ३७.२ ते ३९.५ अंश सेल्सिअस. नजर जवळजवळ चहूबाजूंनी फिरते, पण नाकासमोरचे नीट दिसत नाही. तिथे वास आणि मिशा कामाला येतात. आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही त्याला ऐकू येतात.

डोळ्यांतून कधीकधी पांढरे दुधाळ पाणी येते आणि तो ते पंजांनी तोंडावर फासतो. ही त्याची आंघोळ आहे, आजार नाही. सतत चिकट पू येत असेल किंवा डोळा मिटलेला असेल तर ती वेगळी गोष्ट.

## दात आणि पोट: सगळ्या नियमांचे मूळ

गिनी पिगला २० दात असतात: पुढे ४ पटाशीचे, मागे १६ दाढा, सुळे नाहीत. हे सगळेच्या सगळे दात जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात कुरतडून झिजतात हे सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणून लोक लाकडाचा ठोकळा देतात. ठोकळा द्यायला हरकत नाही, पण त्याने दाढा झिजत नाहीत. दाढांची झीज होते ती फक्त चिवट, तंतुमय गवत तासन्‌तास चघळल्याने. गवत कमी पडले की खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकून जिभेवर कमान धरतात आणि वरच्या बाहेर वाढून गालाला टोचतात. मग प्राणी अन्नापाशी येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली दिसते. मालकाला वाटते याला खाणे आवडत नाही. खरे तर त्याला गिळता येत नसते.

पोटाचेही तसेच. अन्न पचवण्याचे मुख्य काम मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या आंधळ्या आतड्यात होते. पोटातली निम्म्याहून जास्त जागा त्यानेच व्यापलेली असते. तिथले जिवाणू तंतू आंबवून त्यातून पोषण काढतात. हे आतडे चालू राहण्यासाठी वरून सतत तंतू येत राहावे लागतात. खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो आणखी कमी खातो. शिवाय या प्राण्याला उलटी करता येत नाही. म्हणून १२ तास काही खाल्ले नाही ही गिनी पिगच्या बाबतीत त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची बाब आहे. कुत्र्यामांजरासारखे "उद्या बघू" इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट पाहून लोक दचकतात. गिनी पिग मान खाली घालून स्वतःच्या गुदद्वारातून मऊ गोळी थेट तोंडात घेतो. आंधळ्या आतड्यात तयार झालेले ब जीवनसत्त्व आणि प्रथिने तो अशी दुसऱ्यांदा पचवतो. त्याला अडवू नका. पिंजऱ्यात पडलेल्या कडक, लांबट लेंड्या त्या वेगळ्या.

## क जीवनसत्त्व

माणसासारखेच गिनी पिगचे शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवले तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि त्या रोगाचा अभ्यास प्रयोगशाळेत शक्य झाला. घरी नुसत्या गहू-चण्यांवर ठेवलेल्या गिनी पिगवर नकळत तोच प्रयोग होत असतो.

निरोगी प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागते. पिल्ले, आजारी आणि गाभण मादी यांना वरच्या टोकाचे किंवा त्याहून जास्त. कमी पडले की दोन-तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात: चालायला नको म्हणणे, सांधे सुजणे, उचलताच किंचाळणे, केस राठ होणे, हिरड्यांतून रक्त, दात हलणे.

भागवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ढोबळी मिरची. हिरव्या ढोबळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० मिलिग्रॅम आणि लालमध्ये सव्वाशेच्या आसपास क जीवनसत्त्व असते, म्हणजे २५ ते ३० ग्रॅमचा तुकडा दिवसाची गरज भागवतो. पेरूत ते आणखी जास्त, पण साखरही असते. आठवड्यातून दोनदा सुपारीएवढी फोड पुरे. आवळ्याचा कीस चिमूटभर देऊन पाहायला हरकत नाही, बहुतेक तोंड फिरवतात.

पाण्यात टाकायचे थेंब मात्र टाळा. उजेडात आणि पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासते, किती पोटात गेले ते कळत नाही आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. गोळी द्यायची तर साधी १०० मिलिग्रॅमची घ्या, पाव तुकडा कुटून थोड्या पाण्यात कालवा आणि सिरिंजने द्या. माणसांच्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नका. त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वे एवढ्या शरीराला अति होतात. तयार पेलेटच्या (दाबून बनवलेल्या खाद्यगोळ्यांच्या) पिशवीवर क जीवनसत्त्व लिहिलेले असले तरी बनवल्यापासून साधारण तीन महिन्यांत ते उतरते. पिशवीवरची तारीख बघा आणि पाच किलोचे पोते स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

## जागा आणि पिंजरा

दोन गिनी पिगसाठी कमीत कमी १२० बाय ६० सेंटीमीटरची सपाट जमीन हवी. १४० बाय ७० असेल तर बरे. वरचा मजला या हिशेबात धरू नका. हा प्राणी जमिनीवर धावतो. दुकानातले दोन फुटी पिंजरे डॉक्टरकडे न्यायला ठीक, राहायला नाहीत.

घरच्या घरी चांगला आणि स्वस्त पडणारा पिंजरा असा होतो:

१. ३५ सेंटीमीटरचे तारेचे जाळीदार चौकोन १२ घ्या (कपाट जोडायच्या संचात मिळतात). लांबीला चार-चार, रुंदीला दोन-दोन जोडा. जाळीचे भोक ४ सेंटीमीटरपेक्षा मोठे नको, नाहीतर लहान पिल्लू डोके अडकवून घेते.

२. फलक बनवणाऱ्यांकडे मिळणारी सनपॅकची (पोकळ थरांच्या प्लॅस्टिकची) शीट, ८ बाय ४ फुटांची एक, पुरते. त्यातून १७० बाय १०० सेंटीमीटरचा तुकडा कापा.

३. चारही कडांपासून १५ सेंटीमीटर आत रेघ मारा. रेघेवर पाते फक्त वरच्या थरातून फिरवा, आरपार नको. कोपऱ्यांना एका बाजूने चीर द्या, कडा चिरलेल्या थराच्या उलट बाजूला उभ्या दुमडा आणि कोपरे बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. आतून पट्टी लावली तर दोन दिवसांत कुरतडली जाते.

४. हा ट्रे जाळीच्या आत बसवा. घरात मांजर असेल तर वरून जाळीचे झाकण हवेच.

तळाला उघडी तार कधीही नको. तारेवर चालून पंजाखाली फोड येतात, त्यात जंतू शिरतात आणि हाडापर्यंत जातात. ही जखम महिनोन्‌महिने बरी होत नाही.

तळाशी वर्तमानपत्र, त्यावर जुने जाड टॉवेल आणि सगळ्यांत वर फ्लीसचे कापड. नवे फ्लीस पाणी अडवते, म्हणून कापड मऊ करणारे द्रव न घालता दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा. चमचाभर पाणी टाकून बघा. खाली मुरले तर तयार, वर थेंब राहिले तर पुन्हा धुवा. लेंड्या रोज झाडा, कापड तीन-चार दिवसांनी बदला. ट्रेवर बसणारा लघवीचा पांढरा थर व्हिनेगर टाकला की सुटतो. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून घालू नका. त्यात प्लायवूडचा डिंक आणि बारीक धूळ असते, ती फुप्फुसात जाते आणि नराच्या जननेंद्रियात अडकते. भाताचे तूस डोळ्यात टोचते.

लपायला प्रत्येकी एक आणि एक जादा घर ठेवा, प्रत्येकाला दोन दारे. एकच दार असले तर दांडगा दारात बसतो आणि दुसरा आत कोंडला जातो. पाण्याच्या बाटल्या दोन लावा आणि रोज नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून पाहा. बाटली भरलेली दिसते आणि नळी अडकलेली असते, हे नेहमीचे. व्यायामाचे चाक आणि प्राण्याला आत ठेवून फिरू द्यायचा पारदर्शक गोळा दोन्ही घेऊ नका. त्यांच्या पाठीचा कणा तसा वाकत नाही.

गॅलरीत पिंजरा ठेवण्याचा मोह होतो. तिथे कावळे, मांजरी, घुशी, दुपारचे ऊन आणि पावसाचे शिंतोडे आहेत. घरातला, वर्दळीपासून किंचित बाजूचा, टीव्हीच्या आवाजापासून दूर असा कोपरा उत्तम.

## रोजचे खाणे

ऐंशी टक्के खाणे म्हणजे गवत. एक किलोचा प्राणी रोज ४० ते ५० ग्रॅम वाळले गवत खातो आणि तेवढेच नाही तरी बरेचसे तुडवतो. दोघांना महिन्याला चार-पाच किलो धरा. आयात केलेले टिमोथी गवत महाग पडते. ओटचे वाळले गवत किंवा चांगले वाळवलेले मारवेल त्याचे काम करते. भाताचा पेंढा पोटभरीला देऊ नका, त्यात पोषण फारसे नसते.

लसूणघास हा इथला नेहमीचा घोळ. गाईम्हशींना चांगले म्हणून लोक आणतात. त्यात कॅल्शियम फार आहे आणि मोठ्या गिनी पिगच्या मूत्राशयात त्याचे खडे होतात. सहा महिन्यांच्या आतली पिल्ले आणि गाभण मादी यांनाच ते द्यावे.

गावाकडे सोय असेल तर गवत स्वतः वाळवता येते. पाऊस ओसरल्यावर, गवताला तुरा येऊ लागताना कापा, पातळ थरात पसरा, दिवसातून दोनदा उलटा. मूठभर पिळून पाहा: हाताला गारवा न लागता कटकन मोडले तर झाले. गोणपाटात भरून जमिनीपासून वर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले गवत घाम धरते आणि बुरशी येते. बुरशीचा वास आला की सगळे टाका. वरचे काढून खालचे वापरू नका.

ओली हरळी ही शहरातही मिळणारी उत्तम गोष्ट. बाजारातल्या दूर्वांच्या जुड्या चालतात, पण दोन-तीन पाण्यांतून धुवून. रस्त्याकडेच्या गवतावर कुत्र्यांची लघवी आणि तणनाशक असते. कापताना गाजरगवत आणि घाणेरी वेचून काढा, दोन्ही विषारी. कोवळी ज्वारी देऊ नका. यंत्राने कापलेल्या लॉनचा ढीगही नको. तो तासाभरात आंबायला लागतो.

पाला आणि भाजी प्रत्येकी ८० ते १०० ग्रॅम, दोन वेळांत मिळून. ढोबळीचा तुकडा रोज. सोबत कोथिंबिरीच्या पाच-सहा काड्या, लेट्यूस, काकडीची चकती, मुळ्याचा थोडा पाला, दोडका किंवा भोपळा यांतले दोन-तीन पदार्थ बदलून. गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाएवढे. कोबी-फ्लॉवरने पोट फुगते, म्हणून थोडाच. पालक आणि माठ यांत ऑक्झलेट (मूतखड्यांना हातभार लावणारा क्षार) जास्त, क्वचित द्या. नवी भाजी पहिल्या दिवशी चिमूटभर, मग आठवडाभर वाढवत न्या. लेंड्या मऊ झाल्या की भाजी थांबवून दोन दिवस नुसते गवत.

पेलेट प्रत्येकी २० ते २५ ग्रॅम, त्यापेक्षा जास्त नको. रंगीत दाणे आणि बिया मिसळलेले पेलेट घेऊ नका.

अळू, कांदा, लसूण, बटाटा (विशेषतः हिरवट किंवा मोड आलेला), मशरूम, अवोकाडो, कच्चे राजमे, चॉकलेट, दूध, पोळी, भात, बिस्किट, फरसाण यांपैकी काहीही देऊ नका. "एवढीशी पोळी आवडीने खातो" हे खरेच आहे. पिष्ट आंधळ्या आतड्यात जाऊन आंबते आणि तिथले चुकीचे जिवाणू वाढवते. आवड आणि पचन यांचा संबंध नाही.

पिण्याचे पाणी रोज ताजे. एक किलोचा प्राणी सुमारे १०० मिलिलिटर पितो, ओला पाला भरपूर असेल तर कमी.

## सोबत आणि आवाज

एकटा गिनी पिग जगतो, पण मुका आणि सुस्त होतो. स्वित्झर्लंडच्या २००८ पासूनच्या नियमांनुसार त्याला एकटे ठेवता येत नाही, आणि ते नियम सुज्ञपणाचे आहेत. सगळ्यांत सोपी जोडी दोन माद्यांची किंवा नसबंदी केलेला नर आणि मादी. दोन नरही राहतात, मात्र जागा मोठी हवी आणि आसपास मादी नको. वयात येताना, साधारण तिसऱ्या महिन्यापासून वर्षभर, त्यांची कुरबुर चालते. नसबंदीनंतर नराला सहा आठवडे मादीपासून वेगळा ठेवा, तोवर पिल्ले होऊ शकतात.

दुकानदाराने सांगितलेले लिंग स्वतः तपासा. पोट वर करून जननेंद्रियाच्या वर हलके दाबल्यावर नराचे लिंग बाहेर येते. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते. दुकानात नर-माद्या एकत्र असतात, त्यामुळे नवी मादी गाभण असण्याची शक्यता गृहीत धरून दहा आठवडे तिचे वजन लिहीत जा.

नवा सोबती आणल्यावर:

१. दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खरूज, बुरशी, सर्दी या काळात बाहेर पडते.

२. दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागेत, मध्ये गवताचा मोठा ढीग आणि पाला ठेवून एकत्र सोडा. घरे ठेवू नका, कोपऱ्यात लढाई होते.

३. मागे लागणे, हुंगणे, अंगावर चढणे, कंबर डोलवत घुमणे हे चालू द्या. मानपान ठरल्याशिवाय शांतता येत नाही.

४. दात कडकडा वाजवत दोघे समोरासमोर ताठ उभे राहिले, केस फुलले की मधे पुठ्ठा घाला. हात घालू नका, चावा खोल बसतो. रक्त निघाले तर वेगळे करा.

५. दोन-तीन तास ठीक गेले की धुतलेल्या, मांडणी बदललेल्या पिंजऱ्यात दोघांना एकदमच न्या.

सशाला सोबती करू नका. त्याच्या एका लाथेने गिनी पिगची बरगडी मोडते आणि ससा स्वतः आजारी न पडता बोर्डेटेला हा जिवाणू बाळगतो, ज्याने गिनी पिगला न्यूमोनिया होतो.

आवाज ओळखायला महिना पुरतो. फ्रिजचे दार उघडताच येणारी उंच शिट्टी म्हणजे खाण्याची मागणी, आणि ती माणसांसाठीच राखलेली दिसते. कुरवाळताना खोल, संथ घुरघुर म्हणजे समाधान. तीच घुरघुर तुटक आणि चढी झाली तर दचकणे. दातांचा कडकडाट म्हणजे दूर हो. पिल्ले आनंदात लाहीसारखी जागच्या जागी उडतात. अनेकांना ते झटके वाटतात. अचानक आवाज झाला की सगळे जागीच थिजतात. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवून गवताचा ढीग दुप्पट करा, म्हणजे त्यांना आत शिरून बसता येते. झोप सलग नसते, दिवस-रात्र मिळून छोट्या डुलक्या, बऱ्याचदा डोळे उघडे ठेवून.

उचलताना वरून झडप घालू नका. ससाणा तसाच येतो. एका कोपऱ्यात किंवा बोगद्यात येऊ द्या, एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि लगेच आपल्या छातीशी धरा. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यावे. मांडीच्या उंचीवरून पडूनही पाय मोडतो.

## उन्हाळा आणि पावसाळा

१८ ते २४ अंश हे त्यांचे हवामान. २७ च्या वर सावध, ३० च्या वर धोका. त्यांना घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगले काम करतो; कोकण, मुंबई, गोव्यात दमट हवेमुळे तो निरुपयोगी, तिथे एसी किंवा घरातली सगळ्यांत थंड खोली. आडवा टाकलेला जुना माठ, फ्रिजमध्ये गार केलेली फरशी, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली यांवर ते स्वतःहून येऊन बसतात. लांब केसांच्यांचे केस मार्चमध्येच कापा.

आडवा पसरून पडला आहे, श्वास जोरात, लाळ गळते, कान लालभडक: हा उष्माघात. गार (बर्फाच्या नव्हे) पाण्याने कान आणि पाय ओले करा, ओल्या कापडावर ठेवा, पंखा लावा आणि त्याच अवस्थेत डॉक्टरकडे निघा.

पावसाळ्यात दोन संकटे. दमट गवताला बुरशी येते, म्हणून या दिवसांत आठवड्यापुरतेच गवत आणा. दुसरे, ओल्या बुडावर माशी बसून अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडतात. म्हाताऱ्या, जाड किंवा जुलाब झालेल्या प्राण्याचे बूड रोज दोनदा पाहा. अळी दिसली तर घरगुती औषधात वेळ घालवू नका.

## वजनकाटा

शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. कळपात जो लंगडतो तोच आधी पकडला जातो. म्हणून गिनी पिग "काल तर ठीक होता" अशा अवस्थेत मरतो. डोळ्यांना दिसण्याआधी वजन बोलते. ४०० रुपयांच्या किचनच्या काट्यावर खोलगट भांडे ठेवा, दर रविवारी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. ३० ग्रॅमची घट-वाढ रोजची. ५० ग्रॅम उतरले तर दररोज मोजा आणि दात, लेंड्या, लघवी तपासा. १०० ग्रॅम उतरले तर डॉक्टर.

त्याच वेळी पटाशीचे दात सरळ आहेत ना, नाक कोरडे आहे ना, पंजाखाली लाली नाही ना, पोटावर हात फिरवून गाठ लागत नाही ना हे पाहा. नखे महिना-दीड महिन्याने कापा. काळ्या नखाखाली टॉर्च धरली की आतली शीर दिसते. शीर कापली गेलीच तर मक्याचे पीठ दाबून धरा. शेपटीच्या जागी नराची तेलग्रंथी असते, ती चिकट झाली तर साबणाच्या पाण्याने हलकी पुसा. पूर्ण आंघोळ क्वचितच लागते.

वेड्यासारखे खाजवणे, पाठ-मानेवरचे केस जाणे आणि हात लावताच झटके येणे हे खरजेच्या किड्यांचे लक्षण. आयव्हरमेक्टिन त्यावर चालते, पण मात्रा वजनावर ठरते आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावी लागते, म्हणून ते डॉक्टरांच्याच हातून. कुत्र्यांचे मानेवर टाकायचे थेंब वापरू नका. नाक-डोळ्यांभोवती खपल्या आणि गोल टक्कल म्हणजे गजकर्ण. ते माणसालाही होते, मुलांना दूर ठेवा. तीन वर्षांवरच्या मादीचे दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ झाले तर अंडाशयात गाठी असू शकतात. लघवी पांढरट असणे सामान्य. त्यात वाळूसारखी कचकच, रक्त किंवा लघवी करताना किंचाळणे असेल तर एक्स-रे.

खाणे थांबलेल्या प्राण्याला डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत आणि नंतरही भरवावे लागते. पेलेट कोमट पाण्यात भिजवून गाळण्यातून गाळा. टोक कापलेली १ मिलिलिटरची सिरिंज पटाशीच्या दातांमागून बाजूने घाला, थोडे सोडा, चावून गिळेपर्यंत थांबा. मान वर करू नका, फुप्फुसात जाईल. दर किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत. मात्र पोट ढोलासारखे ताठ फुगले असेल तर काहीही भरवू नका, आधी तपासणी.

## पिल्ले झालीच तर

मुद्दाम पिल्ले काढू नयेत असे स्पष्ट मत आहे. मादी महिनाभराची झाली की गाभण राहू शकते, आणि सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर कंबरेची हाडे घट्ट झाल्याने बाळंतपणात अडते. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवस, पिल्ले बहुधा दोन ते चार. ती केसांसह, डोळे उघडे, दात आलेली जन्मतात आणि पहिल्याच दिवशी गवत चघळतात. नराला बाळंतपणाआधी वेगळा करा, कारण मादी काही तासांतच पुन्हा माजावर येते. २० मिनिटे जोर करूनही पिल्लू बाहेर आले नाही तर डॉक्टर. नर पिल्ले २१ दिवसांनी आईपासून आणि बहिणींपासून वेगळी काढा, त्यापुढे एकही दिवस थांबू नका.

## डॉक्टर आधी शोधा

गिनी पिग आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघणे उशिराचे असते. लहान प्राणी पाहणारे पशुवैद्य मोठ्या शहरांत आहेत. इतरत्र परळ, नागपूर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करता येते. नेताना सोबतीलाही न्या, डबा गवताने भरा, वजनाची वही घ्या.

औषध हातात आले की नाव वाचा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आंधळ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. घरात कुत्र्यासाठी आणलेली बाटली "थोडीशी" देणे हा त्याच मार्गाचा प्रवास. शस्त्रक्रिया ठरली तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असे कोणी सांगितल्यास थांबवून विचारा. उलटी होत नसल्यामुळे लांब उपासाची गरज नाही आणि उपासाने आतडे बंद पडते; भूल देण्याआधी तोंडात साठलेला चारा पाण्याने धुवून काढणे एवढेच दवाखान्यात करायचे असते. शुद्धीवर आल्याबरोबर समोर गवत हवे, म्हणून घरचीच एक जुडी पिशवीत न्या.